पल्ल्यातला पैसा : तेलगाव परिसर आणि मराठवाड्याच्या स्थानिक रेडिओची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की उद्घाटनाची तारीख, आलेले पाहुणे, यंत्रसामग्रीची क्षमता आणि आजवरच्या प्रमुखांची नामावली यांनीच पाने भरतात. रेडिओ केंद्राच्या बाबतीत त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न मागे राहून जातो. हे केंद्र कोणाच्या पैशावर चालले? तेलगावसारख्या गावाच्या कानावर गेल्या सहा दशकांत जो रेडिओ पडला, त्याचा इतिहास मी या प्रश्नाच्या अंगाने मांडणार आहे. माझे म्हणणे असे की, केंद्राला पैसा देणारा माणूस जितका त्या केंद्राच्या पल्ल्यात राहणारा, तितके ते केंद्र त्या मुलखाचे राहते. मराठवाड्यातल्या केंद्रांना चांगली माणसे मिळाली, विषय मिळाले, निष्ठावान श्रोते मिळाले. आपल्या पेठेच्या पैशावर उभे राहण्याची मोकळीक मात्र त्यांना कधीच मिळाली नाही, आणि आज त्यांच्यात जी क्षीणता जाणवते तिचे मूळ मला तिथे दिसते. व्यापार शिरला की रेडिओ लोकांपासून तुटतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पुरावा पाहिला तर दोष व्यापाराचा कमी आणि अंतराचा जास्त निघतो.

तेलगाव हे धारूर तालुक्यातले चौकाचे गाव. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. धारूरकडे निघाले की लगेच बालाघाटाची चढण लागते. माजलगावच्या बाजूला सिंदफणेचे खोरे पसरलेले. सिंदफणेवरचे माजलगाव धरण म्हणजे जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा. त्या पाण्यावर इथला ऊस वाढला आणि उसावर लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्यांचे नाव कारखान्याला आहे ते सुंदरराव सोळंके १९७८ ते १९८० या काळात राज्याचे उपमुख्यमंत्री होते. कारखान्याचा बॉयलर पेटला की चौकाची उलाढाल बदलते, उसाचे बिल जमा झाले की सराफाच्या आणि कापडाच्या दुकानात गर्दी होते, मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रांसमोर बियाण्यासाठी रांगा लागतात. माजलगावची बाजारपेठ जवळ, परळीचे औष्णिक वीज केंद्र आणि वैद्यनाथाचे देवस्थान एका बाजूला, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या बाजूला. या मुलखाला रोज काही ना काही ठाऊक करून घ्यायचे असते, आणि या मुलखाकडे जाहिरातीवर खर्च करायला पैसाही असतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की स्थानिक रेडिओची गरज आणि त्याचा आधार, दोन्ही तयार होतात. तरी तेलगावला स्वतःचे केंद्र नाही. तसे ते का नाही हे समजून घ्यायचे तर जरा मागे जावे लागते.

भारतात रेडिओची पहिली मोठी उभारणी खासगी कंपनीनेच केली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिचे उत्पन्न मुख्यतः श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर आणि रेडिओ संचांच्या विक्रीतल्या वाट्यावर होते, आणि सगळ्या देशात परवानाधारक आठ हजारांच्याही आत राहिले. ज्या मुंबईत कापडाच्या गिरण्या, वायदेबाजार आणि मोठमोठ्या पेढ्या होत्या, त्या मुंबईच्या केंद्राला तिथल्या व्यापाराचा पुरेसा आधार घेता आला नाही, ही बाब आपल्या चर्चेत सहसा येत नाही. कंपनी बुडाल्यावर सरकारने रेडिओ हाती घेतला आणि ‘हा धंदा इथे चालत नाही’ हा निष्कर्ष जणू कायमचा झाला. स्वातंत्र्याच्या वेळी ऑल इंडिया रेडिओकडे दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ ही सहाच केंद्रे होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेडिओचे मुख्य केंद्र हैदराबादला आणि दुसरे औरंगाबादला होते. ही दोन्ही १ एप्रिल १९५० रोजी ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्या काळात रेडिओ म्हणजे एखाद्या वकिलाच्या, डॉक्टरच्या किंवा देशमुखाच्या घरातली, लांबच्या शहराचा आवाज आणणारी वस्तू होती.

गावचा रेडिओ म्हणजे काय याचा देशातला पहिला पद्धतशीर प्रयोग मराठी मुलखातच झाला, आणि तो मराठवाड्याला थोडक्यात हुकला. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी रेडिओ मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम पुणे केंद्रावरून झाले. मंडळातले लोक एकत्र बसून ऐकत, मग आपसात चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. पॉल न्यूराथ यांच्या त्या अभ्यासात असे दिसले की मंडळ असलेल्या गावांत माहिती तर वाढलीच, शिवाय गावाची एकत्र बसून निर्णय घेण्याची सवयही वाढली. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता, द्वैभाषिक मुंबई राज्यात तो १ नोव्हेंबर १९५६ ला आला. मला या प्रयोगातली सर्वांत बोलकी गोष्ट त्याच्या नंतरच्या हकिकतीत दिसते. १९५९ मध्ये योजना देशभर नेली गेली, आणि हळूहळू ती विझली. पुण्यात ती ज्या हौसेने चालली त्यामागे संघटक, निधी आणि खास नेमलेली माणसे होती. निधी वरून आला होता. वरचे लक्ष हलले तसा तो आटला, आणि प्रयोग आवडला असतानाही तो आपल्या पैशाने चालू ठेवण्याची कोणतीच वाट गावांकडे नव्हती.

व्यापारी रेडिओची ताकद याच काळात वेगळ्या दिशेने दिसून आली. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीताबद्दलच्या त्यांच्या कळकळीने आकाशवाणीवर अनेक गुणी कलावंत आणले, पण चित्रपट संगीताला मात्र आडकाठी झाली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. तिथे एका टूथपेस्टच्या जाहिरातीवर उभी राहिलेली ‘बिनाका गीतमाला’ अमीन सयानींच्या आवाजात घराघरांत गेली. त्याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. पुढे चंदा समितीने व्यापारी प्रसारणाची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती आल्या. हा पैसा साबण, टूथपेस्ट, पंखे, चहा विकणाऱ्या कंपन्यांचा होता. त्या कंपन्यांना गाव नको होते, देश हवा होता. त्यांच्या पैशावर बनलेला कार्यक्रमही म्हणून कुठल्याच गावाचा नव्हता. झुमरी तिलैया या अभ्रकाच्या खाणींच्या गावातून फर्माइशींची इतकी पत्रे जात की ते नाव देशाला पाठ झाले. गावांना रेडिओत आपले नाव ऐकण्याची केवढी भूक होती याचा तो पुरावाच. पण त्या सेवेत गावाला शिरकाव मिळे तो गाण्याआधीच्या एका ओळीपुरता.

परभणीचे केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले आणि मराठवाड्याला स्वतःच्या बोलीजवळचा आवाज मिळाला. १३०५ किलोहर्ट्झची ती मध्यमलहर. मध्यमलहरींचे वैशिष्ट्य असे की त्या जमिनीला धरून दूरवर जातात, डोंगराआडही पोचतात. बालाघाटाच्या कुशीतल्या वाड्या-वस्त्यांसाठी हे फार मोलाचे होते. चारच वर्षांनी, १८ मे १९७२ रोजी, परभणीतच मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कापसावरची कीड, ज्वारीचे नवे वाण, पेरणीची वेळ यांवर बोलणारे शास्त्रज्ञ आणि ध्वनिमुद्रण कक्ष एकाच गावात आले. ते वर्ष दुष्काळाचे होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तंजावर भागात शेतकऱ्यांनी रेडिओवरून कळलेल्या भाताच्या नव्या वाणाला ‘रेडिओ भात’ असेच नाव दिले होते. आकाशवाणीच्या शेती विभागांवर शेतकऱ्यांचा जो विश्वास होता तो त्या नावात उतरला आहे. परभणी केंद्राने मराठवाड्यात तसाच विश्वास कमावला. लोकगीते, भारुडे, गवळणी गाणाऱ्या कितीतरी कलावंतांना पहिली सार्वजनिक दाद आणि मानधनाचा पहिला धनादेश आकाशवाणीने दिला. १९७६ मध्ये औरंगाबादला पुन्हा आकाशवाणीचे केंद्र आले आणि प्रदेशाला दोन केंद्रे झाली.

या काळात श्रोता रेडिओसाठी पैसे मोजत होता, हे आज बहुतेकांच्या स्मरणातून गेले आहे. संचाचा परवाना पोस्टात काढावा लागे, दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे आणि पुस्तिकेवर तिकिटे चिकटवली जात. तेलगावचा शेतकरी पोस्टात भरत असलेला तो पैसा दिल्लीच्या तिजोरीत जाई आणि परभणी केंद्राचे अंदाजपत्रक दिल्लीहून येई. या दोन रकमांमध्ये काहीही नाते नव्हते. परभणीचा कार्यक्रम उत्तम झाला म्हणून परभणीचे उत्पन्न वाढत नव्हते, खराब झाला म्हणून घटत नव्हते. १९८५ मध्ये परवाना शुल्कच रद्द झाले. गरीब श्रोत्याच्या दृष्टीने निर्णय स्वागताचा होता, यात शंका नाही. पण श्रोता आणि केंद्र यांच्यात जो एक पुसटसा हिशेबाचा धागा उरला होता, तोही त्या दिवशी तुटला. १९८० च्या दशकात आकाशवाणीच्या मूळ वाहिन्यांवरही जाहिराती घेतल्या जाऊ लागल्या, तरी दरपत्रक आणि उत्पन्नाचा विनियोग हे दोन्ही केंद्राच्या हाती आले नाहीत.

याच दशकात एक फार चांगली कल्पना पुढे आली. १९७८ मध्ये वर्गीज समितीने प्रसारणाच्या विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला होता. १९८४ मध्ये तमिळनाडूतल्या नागरकोविलला पहिले स्थानिक केंद्र निघाले आणि सातव्या पंचवार्षिक योजनेत अशा केंद्रांची मालिका आखली गेली. एका केंद्राने साधारण एका जिल्ह्याशी बोलावे, निवेदकाने ध्वनिमुद्रक घेऊन गावोगाव जावे, अशी ती कल्पना. महाराष्ट्रात अहमदनगर, सातारा, सोलापूर, धुळे, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, उस्मानाबाद आणि बीड यांना या मालिकेतून केंद्रे मिळाली. बीड जिल्ह्यासाठी ही घटना किती मोठी होती हे सांगायला २०११ च्या जनगणनेचे आकडे पुरेत. लोकसंख्या पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार, दर तीन स्त्रियांत जवळजवळ एक निरक्षर, आणि सहा वर्षांखालील मुला-मुलींत हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली. वर्तमानपत्र न वाचू शकणाऱ्या बाईपर्यंत थेट, तिच्या भाषेत आणि कोणी मध्यस्थ न ठेवता पोचू शकेल असे दुसरे साधन या जिल्ह्यात नव्हते.

मग या केंद्रांचे काय झाले? त्यांना जिल्हा नेमून दिला, पण जिल्ह्याशी व्यवहार करण्याचा अधिकार दिला नाही. २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती अस्तित्वात आली, स्वायत्तता आली ती दिल्लीतल्या महामंडळापर्यंत. निवृत्त माणसांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, नैमित्तिक उद्घोषकांवर भार टाकला गेला आणि स्वतःच्या कार्यक्रमांची जागा सहक्षेपणाने घेतली. २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला आणि लोकांनी विरोध केल्यावर तो थांबवावा लागला. पुण्याची ही अवस्था, तर जिल्ह्याच्या केंद्रांची बाजू कोण मांडणार? इथे काम केलेल्या माणसांच्या कष्टांबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या माथी दोष मारणाऱ्या टीकेशी मी सहमत नाही. ज्या केंद्राला आपल्या मुलखातून मिळालेला रुपया आपल्या कार्यक्रमावर खर्च करता येत नाही, त्याला दूरच्या कार्यालयाची मर्जी सांभाळण्यावाचून गत्यंतर नसते.

खासगी एफएमने हे चित्र बदलेल अशी आशा होती. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. तो निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्या निकालाचा मथितार्थ असा की लहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत आणि पैसेवाल्यांच्याही नाहीत. प्रत्यक्षात १९९९ च्या धोरणापासून पुढे लहरींचे लिलाव झाले. लिलावात शहराची किंमत लोकसंख्येवर ठरली, आणि २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात एक लाख लोकवस्ती ही साधारणपणे शहराची खालची मर्यादा राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तरी तेलगाव, माजलगाव, धारूर, वडवणी या गावांसाठी त्या दारात जागा नाही. शिवाय खासगी केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची बंदी आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात, हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, स्थानिक कार्यक्रम यांची माहिती देता येते, इतकेच. तरीही स्थानिक मालकीचा परिणाम दिसतो. कोल्हापुरात ‘पुढारी’ या तिथल्याच वृत्तपत्रसमूहाने ‘टोमॅटो एफएम’ चालवले. मालक कोल्हापूरचा, जाहिरातदार बहुतांश कोल्हापूरचा, त्यामुळे निवेदकाची बोलीही कोल्हापूरची. हीच गोष्ट देशभरातल्या डझनावारी शहरांत एकाच नावाने चालणाऱ्या साखळी वाहिन्यांत इतक्या सहज होत नाही.

दुसरी वाट सामुदायिक रेडिओची. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना परवाने खुले झाले. शक्ती १०० वॅट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर, संस्था नफा न कमावणारी आणि निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक असला पाहिजे, अशा अटी. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून चालणारी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे याचे ठळक मराठी उदाहरण. माण हा बीडसारखाच अवर्षणाचा, स्थलांतराचा मुलूख. वाहिनी टिकली त्याचे श्रेय निवेदिकांना आहेच, पण तिच्यामागे चेतना गाला सिन्हा यांनी उभी केलेली माणदेशी संस्था आणि १९९७ पासूनची महिलांची सहकारी बँक आहे हे विसरून चालणार नाही. भाजी विकणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या बायांच्या ठेवींवर उभ्या राहिलेल्या संस्थाजाळ्याचा आवाज म्हणून ती वाहिनी बोलते. पैसा पल्ल्यातला आहे. देशात अशी केंद्रे आज पाचशेच्या आसपास आहेत. त्यांतली कितीतरी प्रकल्पनिधी आणि सरकारी प्रसिद्धीवर अवलंबून असतात, कारण सुरुवातीला त्यांना तासाला पाचच मिनिटे जाहिरात घेण्याची मुभा होती. ती वाढत वाढत २०२४ मध्ये बारा मिनिटांवर आली. सरकारला जे अठरा वर्षांत हळूहळू पटले, ते आरंभीच पटले असते तर किती केंद्रे जगली असती!

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तेलगाव-माजलगावसारखी छोटी पेठ एक रेडिओ केंद्र पोसू शकेल का? या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देण्याची गरज नाही. बीडमधून ‘झुंजार नेता’, ‘चंपावती पत्र’ अशी दैनिके वर्षानुवर्षे निघत आली आहेत, आणि मोठ्या शहरांच्या मानाने हा जिल्हा वृत्तपत्रांच्या बाबतीत अजिबात दरिद्री नाही. छपाईचा कागद, शाई, वितरण यांचा रोजचा खर्च सोसूनही ही पत्रे स्थानिक आणि सरकारी जाहिरातींवर उभी राहतात. त्याहून सोपा पुरावा प्रत्येक चौकात टांगलेला असतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नव्या दुकानाचे उद्घाटन, शिकवणीवर्गाचे निकाल, निवडीबद्दल अभिनंदन, श्रद्धांजली, यांचे फ्लेक्स छापण्यावर मराठवाड्यातला लहानसा गावही वर्षाकाठी बरीच रक्कम घालवतो. हा सगळा जाहिरातीचाच पैसा आहे. आठ दिवसांत उन्हापावसाने फाटणाऱ्या कापडावर तो जातो, आणि त्यातून गावाच्या माहितीत काडीची भर पडत नाही. लहान शक्तीच्या एफएम प्रक्षेपकाचा खर्च आज पूर्वीच्या मानाने पुष्कळ खाली आला आहे. पेठेची ऐपत कमी पडते असे म्हणण्यापेक्षा परवान्याच्या वर्गवारीत अशा पेठेला जागाच ठेवलेली नाही, असे म्हणणे अधिक खरे आहे. लाखाच्या वरच्या शहराला लिलाव, नफा न घेणाऱ्या संस्थेला सामुदायिक परवाना, आणि मधल्या कसब्याला काहीच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि बीड जिल्ह्याला तो कोणी बाहेरच्याने शिकवण्याची गरज नाही. स्थानिक जाहिरातदार म्हणजे सज्जन जाहिरातदार, असे समीकरण नाही. २०२३ मध्ये या जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांचे व्यवहार कोलमडले तेव्हा मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेल्या ठेवी अडकल्या. अशा संस्थांच्या जाहिराती मुबलक झाल्या होत्या. बोगस बियाणे आणि निकृष्ट औषधे यांच्या तक्रारी तर दर खरिपाला असतात. पेठेच्या पैशावर चालणारा रेडिओ या जाहिराती नाकारील काय? केवळ सदिच्छेवर सोडले तर नाकारणार नाही, हे मी मान्य करतो. आकाशवाणीच्या जाहिरात संहितेने दारू-तंबाखूला दार बंद ठेवले, आणि उत्पन्न बुडते म्हणून ते उघडले गेले नाही. त्याच धर्तीवर ठेवी गोळा करणाऱ्या योजनांच्या जाहिराती परवान्याच्या अटीनेच वर्ज्य करता येतील. बियाणे-औषधांची जाहिरात आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला एकाच कार्यक्रमात येऊ नयेत असे बंधन घालता येईल. एका जाहिरातदाराकडून एकूण उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शापेक्षा जास्त घेता येणार नाही, असेही ठरवता येईल. शेवटची अट साखर कारखान्यांच्या मुलखात सर्वांत आवश्यक आहे, कारण तिथे एकच संस्था गिऱ्हाईक, मालक आणि पुढारी अशा तिन्ही रूपांत समोर येऊ शकते. पण या सगळ्या अटींना अर्थ येतो तो पैसा स्थानिक असेल तेव्हा. फसवणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक चौकात गाठू शकते, आणि त्याची जाहिरात ऐकवणाऱ्या निवेदकालाही. दूरच्या कंपनीच्या बाबतीत यांतले काहीच घडत नाही.

व्यापारी रेडिओ अंतरामुळे कसा पोकळ होतो याचे उदाहरण अमेरिकेने घालून दिले आहे. तिथे काही हजार वस्तीच्या गावांनाही दीर्घकाळ आपापली व्यापारी केंद्रे होती. धान्याचे भाव, शाळेचे सामने, अंत्यविधीच्या वेळा त्यांवरून सांगितल्या जात. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने मालकीवरची देशव्यापी मर्यादा उठवली आणि क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या घरात केंद्रे गेली. १८ जानेवारी २००२ रोजी नॉर्थ डकोटामधल्या मायनॉट गावाजवळ मालगाडी घसरून अमोनियाचा ढग गावावर आला. तिथली बहुतेक व्यापारी केंद्रे याच कंपनीची होती, आणि पोलिसांना लोकांना सावध करायला केंद्रावर माणूस मिळेना, असा आरोप झाला. कंपनीने दोष पोलिसांच्या यंत्रणेवर ठेवला. वाद कसाही मिटो, गावातल्या बहुतेक व्यापारी केंद्रांची मालकी गावाबाहेर होती हे दोन्ही बाजूंना नाकारता आले नाही. म्हणून तेलगावसारख्या ठिकाणचा परवाना द्यायचा तर तो तालुक्यात राहणाऱ्या व्यक्तीला, भागीदारीला किंवा सहकारी संस्थेला द्यावा, विकता येणार नाही असा द्यावा, आणि एका मालकाकडे एकच केंद्र राहील असे पाहावे. लिलावाऐवजी ठरावीक वार्षिक शुल्क ठेवावे. हे नियम नसतील तर मी मांडतो त्या व्यापारी रेडिओला माझाही विरोध राहील.

तिसरा आक्षेप रोज ऐकू येतो. प्रत्येकाच्या हाती मोबाइल असताना रेडिओ हवा कशाला? मोबाइलवर येणाऱ्या मजकुराला धनी नसतो, हे याचे पहिले उत्तर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. ती अफवा मोबाइलवरच फिरत होती. तिला तिथल्या तिथे, त्याच बोलीत, ओळखीच्या आवाजात खोडून काढणारे कोणी नव्हते. दुसरे उत्तर तेलगावच्या अगदी शेजारचे आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद केले गेले. कोणता रस्ता खुला आहे, दवाखान्यात जायचे तर परवानगी कोणाकडे मागायची, परीक्षा आणि बाजार होणार की नाही, हे घरात अडकलेल्या माणसाला सांगायला त्या काळात रेडिओसारखे साधन नाही. आणि इथेच बातमीबंदीचा नियम किती घातक आहे हे कळते. असा परवाना मिळालेल्या केंद्रालाही आजच्या नियमांप्रमाणे माजलगावात काय घडले ते आपल्या शब्दांत सांगता आले नसते. वर्तमानपत्राला जे स्वातंत्र्य आणि जी जबाबदारी आहे, तीच जिल्ह्याच्या रेडिओला द्यायला हवी.

माझ्या मांडणीची खरी कसोटी मात्र ऊसतोड कामगारांपाशी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या धारूर, वडवणी, पाटोदा, केजच्या वाड्यांतून निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पार कर्नाटकाच्या कारखान्यांच्या थळांवर पाचटाच्या कोपींत उतरतात. गळीत हंगाम आटोपेपर्यंत पाच-सहा महिने हा लाखोंचा समाज आपल्या जिल्ह्याच्या केंद्राच्या पल्ल्याबाहेर असतो, आणि ज्या केंद्राच्या पल्ल्यात तो असतो त्या केंद्राच्या जाहिरातदाराला त्याच्याशी कर्तव्य नसते. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; या बायांना शरीराविषयीची खात्रीची माहिती फडावर, त्यांच्या बोलीत देणारे कोणतेही प्रसारण तेव्हा नव्हते. पल्ल्यातला पैसा ही माझी कसोटी इथे अपुरी पडते, कारण श्रोताच पल्ला सोडून जातो. त्यावर मला दिसणारी वाट अशी. कारखान्यांकडून ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आहे. त्या रकमेचा थोडा भाग बीडच्या केंद्राला द्यावा आणि हंगामाचे सहा महिने रोज संध्याकाळी अर्धा तास बीडमध्ये तयार झालेला कार्यक्रम कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या आकाशवाणी केंद्रांनी सहक्षेपित करावा. त्यात गावाकडच्या म्हाताऱ्यांचे आणि शाळेत मागे ठेवलेल्या लेकरांचे निरोप असावेत, उचलीचा हिशेब कसा ठेवायचा ते असावे, जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता असावा. ज्याने तोडलेल्या उसावर कारखाना चालतो, त्याच्याशी बोलण्याचा खर्च त्या उसाच्या टनातूनच निघेल, आणि त्यासाठी नवा परवाना, नवा प्रक्षेपक किंवा दिल्लीची नवी योजना यांतले काहीही लागणार नाही.